कापसाच्या गोदामातली दोन बोटं

भूत समोर उभं राहिलं तरी ज्याची बोबडी वळणार नाही, असा अख्ख्या परभणी जिल्ह्यात एकच माणूस आहे, आणि तो म्हणजे मी. आता मला भूत अजून एकदाही दिसलेलं नाही, आणि अंधारात अंगणाच्या पलीकडं जायचं झालं तर मी बायकोला उठवून पुढं घालतो, हा भाग वेगळा. तेव्हा माझं राहू द्या. सांगायचंय ते चारठाण्याच्या बन्सीधरचं. लाइट गेलेलीच आहे, ती येईस्तोवर होईल सांगून. तो कंदील जरा मधी सरकवा.

बन्सीधर म्हणजे बैलबाजारातला दलाल. चाळीस वर्षं त्यानं ह्याचा बैल त्याच्या दावणीला बांधला. बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक असेल. नसेल तर ऐका. दोघं समोरासमोर बसतात, हातांवर उपरणं टाकतात आणि उपरण्याखाली एकमेकांची बोटं धरतात. बोटं दाबून मागायचं, बोटं दाबूनच कमी करायचं. चेहरा असा ठेवायचा, जसं सासुरवाडीला पहिल्यांदा जेवायला बसलोय. पटत नसेल तर हात झटकून काढायचा. आणि पुरा पंजा आवळला, की सौदा पक्का. मग तो मोडायला देव खाली उतरला तरी त्याला चहा पाजून वर पाठवतात.

गावातला एक नंबरचा टवाळसुद्धा हाच. अकरा वर्षांमागं पोळ्याच्या दुपारी सिद्धोधन गुरुजी बाजेवर झोपले होते. शाळेतून रिटायर झालेला, भला, बुद्धविहारात पोरांना फुकट गणित शिकवणारा माणूस. बन्सीधरनं त्यांच्या बाजेखाली मातीची घागर ठेवली, घागरीत सुतळी बॉम्ब ठेवला, वात पेटवली आणि भिंतीआड जाऊन बसला. बॉम्ब काही वाजेना. वात विझली की काय, म्हणून हा शहाणा रांगत आला आणि घागरीला डावा कान लावला. गुरुजी दचकून उठले खरे, पण उठून बघतात तर घागरीची खापरं झालेली आणि बन्सीधर आकाशाकडं बघत बसलेला. त्या दिवसापासनं त्याच्या डाव्या अंगाला जग संपलं. डावीकडून ट्रॅक्टर आला तरी उजवीकडून कुणीतरी ओरडून सांगावं लागे.

अशा माणसाला शौक कशाचा लागावा? हेडफोनचा. लेक वैष्णवी पुण्याला असते, तिनं चार वर्षांमागं एक आणून दिला. झालं. बन्सीधरला येड लागलं. मोबाइलवर रात्रंदिवस हेडफोनचेच व्हिडिओ. घरात सात हेडफोन जमले. नवा आला की तो बैल पारखावा तसा पारखायचा. वरची पट्टी ओढून बघायची, म्हणजे दात मोजले. गादी दाबायची, म्हणजे वशिंड चाचपलं. वायरीला झटका द्यायचा, म्हणजे शेपूट पिळलं. मग उजव्या कानाला लावून डोळे मिटायचे आणि सांगायचं, “चाल चांगली हाय, पण पुढच्या पायात जोर न्हाई.” लोक विचारायचे, एका कानानं ऐकतोस अन् दोन कानांचं औत कामून घेतोस? तो म्हणायचा, “दुसरा बैल मेला म्हणून जू जाळायचं असतं का?”

हसण्यावारी न्यायचा, पण आतून तो घाबरलेला होता. दिवाळीत परभणीच्या डॉक्टरनं तपासून सांगितलं होतं, उजवा कानही उतरणीला लागलाय. जपा. हा गेला तर मागं काही नाही. तेव्हापासून बन्सीधर रोज झोपताना उजवा कान उशीवर दाबून बघायचा. सगळं गप. बाहेरचं कुत्रं गप, वरचा पंखा गप. बायको कस्तुराबाईचं घोरणंसुद्धा गप, ज्या घोरण्याला त्यानं तीस वर्षं शिव्या घातल्या होत्या. चार-पाच श्वास तसा पडून राहायचा आणि मग धडपडून उठून बसायचा. शेजारी घोरणं चालू आहे हे ऐकलं, की मग झोप.

फाल्गुनात बातमी आली, की सेलूला हेडफोनचा मेळा भरणार. तुम्ही हसाल. पुण्या-मुंबईचं हे खूळ सेलूला कामून? तर तिथल्या एका जिनिंगवाल्याची लेक राजेश्री, शिकून आवाजाची इंजिनिअर झालेली, तिनं डोकं लढवलं. शहरातल्या हॉटेलात म्हणे एसीची घरघर असते, लिफ्टचा खडखडाट असतो. आणि बापाच्या गोदामात कापसाच्या गाठी थेट पत्र्यापर्यंत रचलेल्या. कापूस आवाज गिळतो. ह्याच्याएवढी शांत जागा भारतात शोधून दाखवा, असं तिनं सगळ्यांना कळवलं. मेळ्याचं नाव ‘कानसेन’. देशोदेशीचे हेडफोन येणार होते. आणि त्यात एक असा होता, की तो कानात शिरतच नाही. कानामागच्या हाडावर बसतो आणि हाडातनं आवाज आत पोचवतो. मेलेल्या कानालासुद्धा कधी कधी जाग येते, असं जाहिरातीत लिहिलं होतं. बन्सीधरनं ते वाक्य कस्तुराबाईला सात वेळा वाचून दाखवलं.

कस्तुराबाई म्हणाली, “मी सांगितलेलं एकदा तरी असं ऐकलं असतं तर.”

रविवारी सकाळी तो गुरुजींना घेऊन निघाला. देवगाव फाट्याला जीप बदलली. गुरुजींना हेडफोनचं काही पडलेलं नव्हतं. पण बन्सीधर एकटा गेला तर रस्त्यावर डावीकडून काय येईल ह्याचा नेम नाही, म्हणून ते संगं असायचे, आणि चालताना नेहमी त्याच्या डाव्या हाताला राहायचे. घागर फुटली त्या दिवशी गुरुजी पोट धरून हसले होते. ते त्यांनी स्वतःला कधी माफ केलं नाही.

गोदामाच्या दारात पुण्याची, हैदराबादची, नांदेडची माणसं रांगेत. गळ्यात पट्टे, त्यात नावं. दाराशी सरजाबाई बसलेली. तिचं सगळं आयुष्य त्या जिनिंगमध्ये रुई झाडण्यात गेलं. पुढ्यात सूप, सुपात सरकी. आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या दोन्ही हातांवर ती एकेक सरकी ठेवत होती. शहरातल्यांना वाटलं, ही इकडली स्वागताची पद्धत. कुणी खिशात टाकली, कुणी तिचा फोटो काढला.

बन्सीधरच्या हातांवर सरकी ठेवून सरजाबाई म्हणाली, “मुठीत धरा, बाबा. दोन्ही हातांत एकेक. आमी बाया आत कामाला जाताना असंच जातो. हात रिकामा नगं.”

“का गं मावशी? रिकामा असला तर काय, आत कुणी हातात हात घालतंय का?”

सरजाबाई हसली नाही. “हितं आधी बैलबाजार भरायचा,” ती म्हणाली. “लय जुनी गोष्ट. एक मुका हेडी यायचा... गुरं घेणारा. उपरण्याखाली बोटं धरून घ्यायचा. काय घ्यायचा ते कुणाला दिसलं न्हाई. कुणाचं काय गेलं, ते घरी गेल्यावरच कळायचं.”

“मंग तर आमचा भाऊबंदच की तो!” बन्सीधर म्हणाला, आणि दोन्ही सरक्या तोंडात टाकून त्यानं कडाकडा चावल्या. “म्हशी दूध देतात सरकीवर. बघू, मला काय येतंय.”

गुरुजींनी मात्र आपल्या सरक्या मुठींत धरल्या. त्यांचा भुतावर विश्वास नाही, पण म्हाताऱ्या बाईनं प्रेमानं दिलेलं फेकायचं नाही, ह्यावर आहे.

आत पाऊल टाकलं आणि बन्सीधरचं पहिलं वाक्यच अर्धं राहिलं. तो काहीतरी म्हणाला आणि ते त्यालाच नीट ऐकू आलं नाही. शब्द तोंडाबाहेर पडायचा आणि पुढ्यातच गळून पडायचा, ओल्या मातीत खडा पडावा तसा. गुरुजींना शिंक आली. नुसतं अंग हललेलं दिसलं. दोन्ही बाजूंना पांढऱ्या गाठींच्या भिंती, मधी बोळ. बाहेर दुपारचे बारा वाजत आलेले, पण वरच्या पत्र्यातल्या दोन भोकांतनं येणाऱ्या उन्हाच्या काठ्या तेवढ्या खाली टेकलेल्या. बाकी सगळा मळका उजेड. रुईचा, गोणपाटाचा, खवट सरकीच्या तेलाचा वास. आणि त्या वासाखाली आणखी एक वास होता. बन्सीधर जिथं चाळीस वर्षं उभा राहिला त्या बाजारातला. बैलाच्या घामाचा.

“गुरुजी... बैलाचा वास येतोय का?”

गुरुजींनी ओठांवर बोट ठेवलं. बोलायचं नाही, असा नियम होता.

बोळात गाठी काढून खण केलेले. एका खणात एक खुर्ची, एक टेबल, त्यावर हेडफोन, पुढं काळा पडदा. राजेश्री हळू आवाजात, अगदी बन्सीधरच्या उजव्या कानाशी वाकून समजावत होती. “काका, तुमचा चौथा खण. हाडावरचा तुम्हाला तिथंच लावते. तीन तुकडे वाजतील. पहिला सतारीचा, दुसरा पावसाचा. तिसऱ्यात काहीच नाही.”

“काहीच न्हाई म्हंजे?”

“ह्याच गोदामाची शांतता. परवा भर दुपारी दार लावून रेकॉर्ड केली. चांगला हेडफोन शांततेत ओळखतात, काका. दहा मिनिटं कुणी आत येणार नाही. डोळे मिटून बसा.”

तिनं कानांमागं दोन थंड बटणं बसवली आणि पडदा ओढला. गुरुजी पाचव्या खणात गेले. मधी गाठींची भिंत.

सतार वाजली. उजव्या कानानं ती बरी ऐकली. डावीकडं नेहमीचं काळं पाणी. पाऊस पडला, तोही अर्ध्याच रानात पडला. मेलेला कान मेलाय. सात वेळा वाचलेलं वाक्य त्याला आठवलं आणि कस्तुराबाईला आता काय सांगायचं, ह्याची चिंता लागली. गळ्यातलं उपरणं काढून त्यानं मांडीवर टाकलं, त्याखाली हात घेतले, जन्माची सवय. डोळे मिटले.

तिसरा तुकडा लागला. काहीच नाही.

काहीच नाही, काहीच नाही... आणि मग लांब, लय लांब, एक घुंगरू वाजलं.

बन्सीधर ताठ बसला. घुंगरू डावीकडं वाजलं होतं.

पुन्हा वाजलं. मग खुरांचा आवाज. चार पायांचा, संथ, वाळूवरनं चालत आल्यासारखा. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याच्या डाव्या अंगाला कुणीतरी चालत होतं. त्याच्या मिटल्या डोळ्यांतनं पाणी आलं. खूर जवळ आले. थांबले. बैलानं नाक फुरफुरलं. मग त्या बैलाच्या पलीकडनं कुणीतरी खाली बसलं. गुडघे मोडल्याचा आवाज आला, धोतराचा सोगा आवरल्याचा आवाज आला. आणि श्वास... डाव्या कानाच्या अगदी पाळीशी... आत घ्यायचा, बाहेर सोडायचा...

उपरण्याखाली एका हातानं त्याचा हात धरला.

खरं सांगू? बन्सीधर त्या क्षणी भ्याला नाही. भ्यायला पाहिजे होतं. त्याला वाटलं, गुरुजी आलेत. घागरीचा वचपा आज काढायलेत म्हातारे. त्याला हसू फुटलं, पण डोळे उघडले तर गंमत जाईल, म्हणून त्यानं मिटलेलेच ठेवले. हात कोरडा होता, रुईसारखा हलका आणि गार. त्या हातानं बन्सीधरची दोन बोटं धरली आणि दाबली.

दोन मागतोय.

काय दोन, ते बन्सीधरनं मनातसुद्धा विचारलं नाही. चाळीस वर्षं ज्याची बोटं भाव करत आली, तो आधी भाव करतो आणि माल नंतर बघतो. कुणी दोन मागितले की एकावर आणायचं, एवढंच त्याच्या हाडात भिनलेलं. त्यानं त्या हाताचं एक बोट धरलं आणि दाबलं. एक देतो. घ्यायचा तर घे.

तो हात थोडा वेळ स्वस्थ राहिला. श्वासही थांबला. बन्सीधरनं बाजारात ह्या थांबण्यावर मोठमोठे हेडी वाकवले होते. त्यानंही चेहरा तसाच ठेवला, सासुरवाडीचा.

मग त्या हातानं पुरा पंजा आवळला.

आणि बन्सीधरनंही आवळला.

घुंगरं वाजली. खूर उठले, वळले, आणि लांब गेले. डोळे उघडून बघतो तर पडदा जिथल्या तिथं. मांडीवर उपरणं, उपरण्यावर रुईचा एक तंतू. उजवा पंजा बर्फासारखा.

तो बाहेर आला तेव्हा गुरुजी दाराबाहेर सरजाबाईच्या माठातलं पाणी पीत होते.

“लेका, मी तर सतार लागली तवाच बाहेर आलो,” गुरुजी म्हणाले. “आत जीव घुसमटायला लागला. मावशीला इचार. कवाच्यान हितंच हाय मी.”

बन्सीधरनं सरजाबाईकडं बघितलं. तिनं मान डोलावली. मग तिचं लक्ष त्याच्या हाताकडं गेलं. तो पंजा चोळत होता.

“धरला का?” ती हळूच म्हणाली.

“...व्हय.”

“किती मागितले?”

“दोन. मी एकावर आणला.”

सरजाबाईनं सूप उचललं आणि ती बसल्या जागेवरनं जरा लांब सरकून बसली. “मंग जा आता घरी,” एवढंच बोलली. “दिलेलं परत मागू नगा.”

राजेश्री धावत आली, कसं वाटलं म्हणून. बन्सीधरनं तिसऱ्या तुकड्यातल्या घुंगरांचं विचारलं. तिनं स्वतः बटणं लावून तो तुकडा पुरा ऐकला, उभ्या उभ्या. “ह्यात काहीच नाही, काका,” ती म्हणाली. पण बटणं काढताना तिनं आपला डावा कान दोनदा चोळला.

जीपमध्ये बन्सीधर पंजा चोळत बसला होता. देवगाव फाटा आला, जीप थांबली, आणि चहावाल्यानं डावीकडनं आरोळी दिली, “चाऽऽय!” बन्सीधरनं त्या बाजूला मान वळवली.

गुरुजींनी ते बघितलं. ते हळूच उठून त्याच्या डाव्या बाजूला गेले आणि दबक्या आवाजात म्हणाले, “बन्सी, तू गाढव हाईस.”

“गाढव तुमचा चुलता!” बन्सीधर ओरडला. आणि मग दोघंही एकमेकांकडं बघत राहिले. बन्सीधरनं उजव्या कानात बोट घातलं. जीपचं इंजिन ऐकू येत होतं. कपबशा ऐकू येत होत्या. कुणाच्या तरी पिशवीतली कोंबडी ऐकू येत होती. डावीकडनं. सगळं डावीकडनं. त्यानं फाट्यावर, भर रस्त्यात, गुरुजींना उचलून एक गिरकी घेतली.

“हाडाला धक्का बसला असंल,” गुरुजी खाली उतरल्यावर धापा टाकत म्हणाले. “आतली शीर मोकळी झाली. ह्याला विज्ञान म्हणतात.”

“विज्ञान न्हाई, गुरुजी. सौदा! त्यानं दोन कान मागितले. मी एक दिला. आता कोणता दिला सांगा? मेलेला! आंधळी गाय गळ्यात बांधली त्याच्या! अन् वर...” त्यानं डाव्या कानाची पाळी ओढली. “वर हा चालू करून गेला येडं बेणं!”

चारठाण्याला उतरून चालायला लागले तेव्हा, अकरा वर्षांत पहिल्यांदा, गुरुजी बन्सीधरच्या उजव्या बाजूनं चालले. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. डावीकडं जागा नाही, असं वाटलं म्हणे.

घरी तीन दिवस उत्सव. जो भेटेल त्याला बन्सीधर डाव्या कानात कुजबुजायला लावायचा. सातच्या सात हेडफोन त्यानं दोन्ही कानांनी ऐकले आणि रडला. फक्त गोठ्यात जरा अडचण यायला लागली. त्याची स्वतःची बैलजोडी, त्यानं पेंड हातानं चारून वाढवलेली. तो आत आला की उठून उभी राहायची, परकं गिऱ्हाईक बघायला आल्यावर राहतात तशी. त्याच्याकडं न बघता त्याच्या डाव्या खांद्याच्या जरा मागं बघायची. तांबडा बैल तर दाव्याला हिसके द्यायचा. बन्सीधरनं मनावर घेतलं नाही. जनावर आहे, कानावरचा हेडफोन बघून बुजलं असेल.

कस्तुराबाईचा मात्र काडीचा विश्वास बसला नाही. आणि तिचं चूक तरी कसं म्हणावं? पाणी भरायचं म्हटलं की ह्याचे दोन्ही कान बंद, पुरणपोळी म्हटलं की दोन्ही उघडे, हे ती अकरा वर्षं बघत आलेली.

“वठ बघून वळखायलेत तुमी,” ती म्हणाली. “कान-बिन काही उघडला न्हाई. भुताला फसवलं म्हणं! मला फसवून दाखवा.”

“लाव पैज!”

चौथ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर परीक्षा ठरली. बन्सीधरनं उजव्या कानात कापसाचा बोळा गच्च बसवला, वरनं उपरणं बांधलं आणि भिंतीकडं तोंड करून पाटावर बसला. कस्तुराबाई त्याच्या मागं, उंबऱ्याशी. ती हळू बोलणार, त्यानं तेच मोठ्यानं म्हणून दाखवायचं. बाहेर ऊन रणरणत होतं. गल्लीत चिटपाखरू नव्हतं.

थोडा वेळ गेला. मग डावीकडनं कस्तुराबाईचा आवाज आला, हळू, अगदी स्पष्ट.

“तुरीला ऊन दाखवायचंय,” बन्सीधरनं म्हणून दाखवलं. “बरोबर? पुढं.”

“वैष्णवीला फोन लावा,” पुढचंही त्यानं म्हणून दाखवलं. “बरोबर. हे तर लय सोपं देतीस.”

“माठात पाणी न्हाई. ते रोजचंच हाय.”

मागनं काही हूं की चूं नाही. बन्सीधरला भिंतीकडं बघत हसू येत होतं. हरायला लागली की ही अशीच गप होते.

“तांबडा बैल इकू नगा. का बरं? कोण इकायलंय? बरं, पुढं.”

मग आवाज आणखी जवळ आला. वाकून बोलल्यासारखा. कस्तुराबाईचाच, पण त्यात लाडीगोडी होती, लग्नानंतर पहिल्या वर्षी होती तसली. बन्सीधरला गंमत वाटली.

“दुसरा कधी देता?” त्यानं मोठ्यानं म्हणून दाखवलं. “आता हे काय नवीन? दुसरा काय, कस्तुरा?”

पुन्हा तेच आलं. हळू. पाळीशी ऊन श्वास लागला.

“दुसरा कधी देता, दुसरा कधी देता!” बन्सीधर खो खो हसला. जन्माचा टवाळ तो. आलेला चेंडू टोलवल्याशिवाय त्याला राहवतंय होय? त्यानं तशीच भिंतीकडं बघत मांडीवर थाप मारली. “घेऊन टाक की! उद्या दुपारी ये, दुसराबी देतो! आपल्याकडं नड न्हाई! बोल, हरलीस का न्हाई? सगळीच्या सगळी सांगितली का न्हाई?”

मग पावलं वाजली. उंबऱ्यापासनं उठून आत आलेली, घाईची. त्याच्या डोक्यावरचं उपरणं कुणीतरी ओढून काढलं, उजव्या कानातला बोळा उपसला. बन्सीधरनं वळून बघितलं. कस्तुराबाईचे गाल फुगलेले होते आणि चेहरा चुन्यासारखा पांढरा. ती धडपडत मोरीपाशी गेली, तोंडातलं पाणी तिथं थुंकलं, आणि पदरानं ओठ पुसत तिथूनच म्हणाली:

“फेकाफेकी पकडायची म्हणून मी पहिल्यापासनं तोंडात गुळणी धरून बसलेय. एक अक्षर बोलले न्हाई. उद्या दुपारी बोलवलंय कुणाला तुमी?”